'फळाचा आकार' या रकान्यात काय लिहावे? भरताच्या वांग्याच्या नोंदणीची सव्वासहा वर्षे

मार्च २०२५ मध्ये टपालाने आमच्या गटाच्या नावाने एक जाड लिफाफा आला. त्यात आमच्या भरताच्या वांग्याच्या वाणाचे नोंदणी प्रमाणपत्र होते. त्यानंतरच्या दोन महिन्यांत ओळखीतल्या चार शेतकऱ्यांनी, त्यांपैकी दोघांनी तर गावठी काकडीसाठी, एकच प्रश्न विचारला: सुरुवात कुठून करायची? डिसेंबर २०१८ मध्ये आम्हालाही हाच प्रश्न पडला होता आणि त्याचे उत्तर सलगपणे सांगणारे कोणी भेटले नव्हते, म्हणून जे घडले ते घडले त्या क्रमाने, चुकांसकट लिहीत आहे. कागदपत्रे अवघड नाहीत, हे आधीच सांगते. आमची अडीच वर्षे गेली ती आपले वांगे नेमके कोणते हे ठरवण्यात.

आमची शेती जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, तापीच्या काठी काळ्या कसदार जमिनीत आहे. केळी आणि कपाशी ही मुख्य पिके असली, तरी विहिरीजवळच्या तुकड्यात भरताची वांगी दर वर्षी असतातच. हे बियाणे सासूबाईंनी त्यांच्या सासूबाईंकडून घेतले. त्याआधी ते कुठून आले, ते घरात कोणालाच ठाऊक नाही. २०१८ च्या चंपाषष्ठीला चातुर्मासाचे वांगे सुटले, तेव्हा घरी पहिल्या भरताची तयारी चालली होती. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर लावण्यासाठी मी टोपलीभर वांगी पुढे केली. सासूबाई अमळनेरकडच्या, त्यांची बोली अजून अहिराणीच आहे. त्यांनी टोपलीतून चार वांगी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "हाई वांगं आपलं नई शे." रंग तोच होता, पोपटी हिरव्या अंगावर तळाशी पांढऱ्या रेषाही त्याच होत्या, फक्त ती चार वांगी लांबट होती. त्याच आठवड्यात आडतीवर व्यापाऱ्याने दोन कॅरेट परत केले, कारण एका कॅरेटमध्ये गोल, लांबट आणि मधल्या आकाराची वांगी एकत्र होती.

ही गोष्ट मी गावच्या कृषी सहाय्यकांजवळ बोलले. पारंपरिक वाणाची नोंदणी 'शेतकरी वाण' म्हणून करता येते, हे मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकले. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे आणि तो राबवणारे प्राधिकरण नवी दिल्लीत आहे. शेतकऱ्यांनी आपल्या शेतात परंपरेने जोपासलेले आणि विकसित केलेले वाण या कायद्यात 'शेतकरी वाण' ठरते आणि त्याच्या नोंदणीला शुल्क नाही. इथे एक गैरसमज दूर करते, कारण मला तो सरकारी कार्यालयांतही भेटला. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे "त्याची नोंदणी तर कधीच झाली" असे मला निदान तीन टेबलांवर सांगण्यात आले. मानांकन हे प्रदेशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाला मिळते आणि त्यासाठी कायदाच वेगळा, १९९९ चा आहे. वाणाची नोंदणी मात्र एका विशिष्ट वाणाची असते आणि ते वाण आधीच माहीत असलेल्या वाणांपेक्षा वेगळे, एकसारखे आणि पिढ्यानपिढ्या स्थिर आहे हे दाखवावे लागते. हा फरक एका कागदावर लिहून सोबत ठेवावा, बराच वेळ वाचतो.

जानेवारी २०१९ मध्ये मी अर्जाचा नमुना छापून आणला आणि सोबतच्या तांत्रिक माहितीच्या पानांवर थबकले. झाडाची ठेवण, पानावरचे काटे, फुलाचा रंग यांचे रकाने मी पटापट भरले. पुढे फळाचा आकार विचारला होता: गोल, अंडाकृती, तळाशी रुंद असलेला उलट्या अंड्यासारखा, नाशपातीसारखा, गदेसारखा, लंबवर्तुळाकार की दंडगोल. एकावरच खूण करायची होती. मी बाहेर जाऊन विहिरीजवळच्या ओळींतून फिरून आले. तिथे यांतले निदान चार आकार लगडलेले होते. अर्ज मी कपाटात ठेवून दिला आणि तो पुढची तीन वर्षे तिथेच राहिला.

मोजल्याशिवाय काही ठरणार नाही, असा सल्ला कृषी विज्ञान केंद्रातल्या भाजीपाल्याच्या तज्ज्ञांनी दिला. म्हणून २०१९ च्या आषाढात गादीवाफ्यावर बी टाकले आणि ऑगस्टमध्ये चार फूट बाय तीन फुटांवर बारा ओळींत २४० रोपे लावली. प्रत्येक झाडाला पत्र्याच्या चकतीवर क्रमांक ठोकून बांधला. कागदी चिठ्ठ्या पहिल्याच पावसात गेल्या होत्या. नियम असा केला की पहिला तोडा मोजायचा नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या तोड्यातली, झाडाच्या मध्यावरची पाच फळे मोजायची. लांबीसाठी शिंप्याची फीत वापरली. जाडीसाठी मुलाने दोन लाकडी फळ्या एका पट्टीवर सरकत्या बसवून दिल्या, त्यांच्यामध्ये फळ धरले की अंतर वाचता येई. लांबीला जाडीने भागले की आकार एका आकड्यात येतो: सोळा सेंटिमीटर लांब आणि साडेअकरा सेंटिमीटर जाड फळाचा आकडा १.३९, पूर्ण गोल फळाचा एकाच्या आसपास. शाळेच्या दोनशे पानी वहीत अशी बाराशे फळे नोंदवली. नोव्हेंबर ते जानेवारीच्या सगळ्या दुपारी त्यात गेल्या, आणि पंधराव्या दिवसापर्यंत यजमानांनी मला "वांग्यांची पटसंख्या झाली का?" असे विचारायला सुरुवात केली होती.

या मोजणीतून पहिली गोष्ट कळली ती अशी की आकारातला सगळा फरक वाणातला नसतो. बुंध्याजवळच्या पहिल्या बेचक्यातले फळ जमिनीला टेकते आणि वाकडे होते. ज्या बाजूला बी नीट धरत नाही, ती बाजू कमी वाढते आणि फळ कोयरीसारखे वळते. जानेवारीत उत्तरेकडून थंड वारा सुटला की परागीभवन बिघडते आणि त्याच झाडावर, जे डिसेंबरात सुरेख फळे देत होते, लहान आणि कडक फळे येतात. म्हणून तज्ज्ञांनी सांगितलेली साधी कसोटी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली: एकाच झाडाची पाच फळे आपापसांत वेगळी असतील, तर कारण हवेत, पाण्यात किंवा किडीत शोधावे, पाचही सारखी असून शेजारच्या झाडापेक्षा वेगळी असतील, तर कारण बियाण्यात शोधावे.

दुसरी गोष्ट त्यांनी दाढीच्या पात्याने दाखवली. उमलण्याच्या आदल्या दिवशीची एक कळी गोल फळांच्या झाडावरून आणि एक लांबट फळांच्या झाडावरून घेऊन त्यांनी दोन्ही उभ्या चिरल्या. हरभऱ्याएवढाही नसलेला बीजकोश एका कळीत गोल होता आणि दुसरीत लांबट. फळाचा ढोबळ आकार फुलण्याआधीच ठरलेला असतो, पुढे तो वाढतो, भरतो आणि कधी बिघडतो. वांग्याच्या शेतात आयुष्य गेले तरी कळी चिरून पाहण्याचे आम्हाला कधी सुचले नव्हते. आकार ठरवणारा घटक एक नसून अनेक आहेत, म्हणून गोल आणि लांबट यांचा संकर झाला की पुढच्या पिढ्यांत मधले सगळे आकार जिन्यासारखे उतरत जातात, हेही त्यांनी तेव्हाच समजावले.

२४० झाडांपैकी १६३ झाडांचा आकडा १.२ ते १.५ च्या दरम्यान आला. ही वांगी देठाकडे किंचित निमुळती आणि तळाशी रुंद होती. ३१ झाडे जवळपास गोल, २८ लांबट, ९ नाशपातीसारखी आणि उरलेली ९ कशातही न बसणारी होती. त्या नवांपैकी दोन झाडांच्या देठाच्या टोपीवर जांभळी झाक होती आणि तिथे चोर सापडला. आमच्या बांधापासून साठेक मीटरवर शेजारच्या भाऊंकडे तीन वर्षांपासून जांभळ्या संकरित वांग्याचा प्लॉट होता. वांगे बरेचसे आपल्याच परागावर फळते, पण भुंगे आणि मधमाश्या थोडाबहुत पराग इकडचा तिकडे करतात. अशा फळाचा रंग-रूप त्या वर्षी बदलत नाही, कारण फळ आईच्या झाडाचे असते. बदल दिसतो तो त्या बियांच्या झाडांवर, पुढच्या हंगामात. तोवर आपण ते 'चांगले दिसले' म्हणून बियाला ठेवलेले असते. प्रमाणित बियाण्यासाठी वांग्याच्या दोन वाणांत १०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी, म्हणजे ज्यापासून पुढे प्रमाणित बियाणे तयार करतात त्यासाठी, २०० मीटर अंतर सांगितले आहे. आमच्या सगळ्या शेताची रुंदी तेवढी नाही.

त्यामुळे कळ्या झाकण्याशिवाय पर्याय नव्हता. जुन्या मलमलीच्या ओढण्यांच्या चार बोटे लांबीच्या ३०० पिशव्या मी घरीच शिवल्या. त्यात एक खाचखळगा आहे, तो नवख्यांनी लक्षात ठेवावा. वांग्याच्या झाडावर फुले एकसारखी नसतात. काहींत मधली काडी, जिच्या टोकावर पराग पडायचा ती, पिवळ्या परागकोशांच्या वर आलेली असते. काहींत ती आतच राहते आणि अशी फुले फळत नाहीत, गळून जातात. हे न कळल्याने माझ्या पहिल्या साठ पिशव्यांपैकी निम्म्यांहून अधिक वाया गेल्या. मोठी, खाली मान घातलेली, देठावर ठसठशीत बसलेली कळी निवडावी, उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी झाकावी, फळ सुपारीएवढे झाले की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा. दोरा विसरले तर गडी ते फळ तोडून बाजारात पाठवतात. माझी चार फळे अशी गेली.

बियाण्याची फळे झाडावरच पिवळी होईपर्यंत ठेवतात. ती उतरवायची वेळ मार्च २०२० मध्ये आली आणि टाळेबंदी लागली. कृषी विज्ञान केंद्रात जाता येईना, म्हणून सगळे घरच्या पद्धतीने केले. पिकलेली फळे आठ दिवस सावलीत ठेवली, चिरून गर पाण्यात कुस्करला, तळाला बसलेले बी घेतले, तरंगणारे फेकले, सावलीत वाळवून झाडाच्या क्रमांकाप्रमाणे वीस वेगवेगळ्या पुड्या बांधल्या. सासूबाईंनी राखेत घोळण्याचा आग्रह धरला, तसेही केले.

त्या रिकाम्या दुपारांत त्यांच्याशी जे बोलणे झाले, ते या सगळ्या प्रकरणातले मला सर्वांत मोलाचे वाटते. मी समजत होते की आकारातली सरमिसळ म्हणजे नुसते दुर्लक्ष. त्यांनी सांगितले की त्यांच्या सासूबाई दर वर्षी दोन फळे बियाला ठेवत, एक मधल्या घाटाचे आणि एक गोल. गोल वांगे गराला जास्त, बियांना कमी, पण ते भाजायला वेळ लागतो; पऱ्हाटीचा जाळ भडकतो आणि लवकर बसतो, तेवढ्यात साल करपते आणि मधला गर कच्चा राहतो. म्हणून गोल वांगी लग्नाकार्यात, जिथे जाळ दोन तास चालतो आणि भरीत बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, कुटले जाते, तिथे वापरायची. रोजच्या जेवणाला मधल्या घाटाचे वांगे, जे एका पेंढीच्या जाळात देठापर्यंत शिजते. लांबट मात्र त्यांनी कधी ठेवले नव्हते. म्हणजे जो आकार त्यांनी चंपाषष्ठीला बाजूला काढला, तोच नवा होता. मी त्यानंतर दोन्ही घाटांची सारख्या वजनाची वांगी जाळावर लावून पाहिली. गोल वांग्याच्या मध्यभागी उष्णता पोचायला अंतर जास्त, त्यामुळे ते कच्चे राहते, हे हाताने कळते.

२०२० च्या हंगामात वीस झाडांच्या वीस पुड्या वीस ओळींत, ओळीला बारा रोपे, अशा लावल्या. कोणत्या ओळीत सगळी झाडे आईसारखी निघतात आणि कोणत्या ओळीत पुन्हा आकार फुटतात हे पाहायचे होते. चौदा ओळी सारख्या निघाल्या. सहा ओळींत लांबट आणि नाशपातीसारखी झाडे आली. त्यांची आई मोजणीत अगदी मधल्या आकड्याची होती, तरी. दिसण्यावरून बियाणे निवडू नये, ओळ लावून पाहावी, हे मी त्या सहा ओळींकडून शिकले. सहा ओळींपैकी एक सगळ्यांत देखणी होती, तिला काढून टाकताना यजमान दोन दिवस बोलले नाहीत. उरलेल्या चौदा ओळींचे बी एकत्र करून २०२१ मध्ये तीनशे झाडांचा तुकडा लावला. त्यात वेगळी झाडे सात आली. शेतकरी वाणासाठी एकसारखेपणाची अट सैल आहे: इतर वाणांना जेवढी वेगळी झाडे चालतात, त्याच्या दुपटीपर्यंत सूट मिळते. तरी ती सात झाडे मी फुलण्याआधीच उपटायला हवी होती आणि फळ दिसेपर्यंत थांबले, ही चूक.

आता कपाटातला अर्ज बाहेर काढला. पहिला प्रश्न असा आला की अर्जदार कोण? कायद्याप्रमाणे एकटा शेतकरी, शेतकऱ्यांचा गट किंवा समुदाय, कोणीही अर्ज करू शकतो. हे वांगे आमच्या एकट्यांचे नव्हते. गावातल्या आणखी चार घरी ते होते, कोणाकडे लग्नातून गेलेले, कोणाकडे उधारीत. जानेवारी २०२२ मध्ये पाचही घरांना ओट्यावर बोलावले आणि प्रत्येकाला आपले 'खरे' वांगे घेऊन यायला सांगितले. बाजेवर पाच ढीग लागले आणि पाचही वेगळे होते. एका काकांचे जवळपास पूर्ण गोल, एका वहिनींचे आमच्यापेक्षा बोटभर लांब. "तुमचेच बरोबर कशावरून?" हा काकांचा प्रश्न रास्त होता आणि त्याला माझ्याकडे वहीशिवाय उत्तर नव्हते. शेवटी मोजपट्टी बाजूला राहिली आणि वांगी भाजली गेली. साल कशी सुटते, गर किती निघतो, बी दाताखाली येते का, यांवर चार घरांनी मधल्या घाटाला मान्यता दिली. काकांनी सही केली, पण त्यांनी स्वतःचे गोल वांगे सोडले नाही आणि सोडावे असे मलाही वाटत नव्हते.

अर्जावर एका अधिकृत घटकाची शिफारस लागते: पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्ह्याचे कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा आदिवासी विकासाचे जिल्हा कार्यालय, यांपैकी कोणीही एक. समिती जवळची म्हणून आम्ही तिथे गेलो. समिती कागदावर होती. दोन सदस्यांना आपण सदस्य आहोत हे माझ्याकडून कळले, आणि गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद ठेवायच्या लोकजैवविविधता नोंदवहीत वांग्यासाठी 'वांगी' एवढा एकच शब्द होता. समितीची बैठक, तिचा ठराव आणि ठरावाची प्रत मिळवायला फेब्रुवारी ते मे असे चार महिने लागले. एका कार्यालयात फाइल दीड महिना खालच्या खणात राहिली. तिथल्या शिपाईदादांनीच ती कुठे आहे ते सांगितले. त्या बैठकीचा एक फायदा झाला: नोंदवहीत आता वांग्याच्या तीन आकारांची, त्यांच्या स्थानिक उपयोगांसह, नोंद आहे.

जोडलेली कागदपत्रे फार नव्हती: पाच जणांचे सातबारा उतारे आणि ओळखीचे पुरावे, समितीचा ठराव, वाणाचा इतिहास दोन पानांत, आणि छायाचित्रे. छायाचित्रांबाबत सांगण्यासारखे आहे. फळ आलेखकागदावर, शेजारी मोजपट्टी ठेवून, सकाळच्या उन्हात, फ्लॅश न वापरता काढावे. उभे चिरलेले फळ, देठाची टोपी आणि तळाचे टोक वेगळे घ्यावे. आमची पहिली छायाचित्रे मुलाने फुलांच्या चादरीवर काढली होती. तालुक्याच्या ठिकाणी एका लेखनिकाने शपथपत्र लागतेच असे सांगून शंभर रुपयांचा मुद्रांक आणि नोटरीचे अडीचशे घेतले. नंतर कायदा वाचला तेव्हा कळले की कलम १८ च्या परंतुकाप्रमाणे शेतकरी वाणाच्या अर्जाला ती अट लागू नाही. अर्ज हिंदीतून भरला आणि जुलै २०२२ मध्ये नोंदणीकृत टपालाने पाठवला. 'फळाचा आकार' या रकान्यात उलट्या अंड्याच्या आकारावर खूण केली. इतर आकारांचे काय झाले हे लिहायला तिथे जागा नव्हती, म्हणून इतिहासाच्या दुसऱ्या पानावर लिहिले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये त्रुटीचे पत्र आले. दोन्ही त्रुटी आमच्याच होत्या. पहिली नावाची: आम्ही वाणाच्या नावात 'तापी' घातले होते आणि कलम १७ प्रमाणे नावात भौगोलिक नाव सहसा चालत नाही. अपवाद करण्याचा अधिकार निबंधकांना आहे, पण त्यासाठी भांडत बसण्यापेक्षा आम्ही नाव बदलले. ते नाव इथे देत नाही, कारण हा मजकूर बियाण्याच्या जाहिरातीसारखा वाचला जावा असे वाटत नाही. दुसरी त्रुटी तुलनेची: जवळच्या कोणत्या वाणापेक्षा आपले वाण कशात वेगळे हे आम्ही 'चव उत्तम' असे लिहिले होते. चव मोजता येत नाही. मग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे, भरतासाठीच असलेले 'फुले हरित' शेजारी ठेवून लांबी-जाडीचा आकडा, तळाचे टोक आणि टोपीवरचे काटे यांची तुलना लिहिली. बाराशे फळांची वही तिथे उपयोगी पडली. उत्तर डिसेंबरात गेले.

एप्रिल २०२३ मध्ये चाचणीसाठी बी मागवणारे पत्र आले. बियाण्याला औषध चोळलेले नसावे. आमची राखही म्हणून चाळून, धुऊन काढावी लागली. प्रमाणित वांगी-बियाण्याला ७० टक्के उगवण आणि ८ टक्क्यांपर्यंत ओलावा हे प्रमाण आहे, तेच धरून घरी ओल्या गोणपाटात शंभर बिया मोजून टाकल्या, ८१ उगवल्या. दोन वर्षांपूर्वीच्या पुडीतल्या ५८ च उगवल्या, त्यामुळे ती पाठवली नाही. चाचणीत आपले बियाणे दुसऱ्या ठिकाणी, इतर वाणांच्या शेजारी लावून पाहिले जाते. वाराणसीची भारतीय भाजीपाला संशोधन संस्था हे वांग्यासाठीचे एक केंद्र आहे. या काळात आपल्या हातात काही नसते. पोस्टमनदादांना पाहून उठण्याची सवय मला त्या वर्षात लागली. त्याच पावसाळ्यात घरच्या तुकड्यात पाने बारीक करून टाकणारा बोकड्या रोग शिरला आणि तीनशेपैकी नव्वद झाडे उपटून जाळावी लागली. बियाणे चारही घरांत वाटून ठेवले होते म्हणून निभावले. एकाच डब्यात सगळे ठेवू नका.

ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राधिकरणाच्या वाण-पत्रिकेत आमच्या वाणाचे वर्णन प्रसिद्ध झाले. लांबी आमच्या नोंदीपेक्षा थोडी कमी होती. तिथली माती आणि हवा वेगळी. आकारापुढे मात्र आम्ही खूण केली होती तोच शब्द होता. प्रसिद्धीनंतर तीन महिने कोणालाही हरकत घेता येते. ते तीन महिने मी शेजारच्या काकांकडे जरा जास्तच चहाला जात होते, हे आता कबूल करते. हरकत आली नाही.

एकूण खर्च असा झाला: मलमल, चकत्या आणि वजनकाटा मिळून साडेअठराशे, छायाचित्रे आणि छायाप्रती सातशे, टपाल चारशे साठ, प्रवास साधारण तीन हजार दोनशे आणि तो वायफळ मुद्रांक. नोंदणीचे शुल्क शून्य. बाजारात न गेलेल्या फळांचा हिशेब धरलेला नाही.

प्रमाणपत्र आल्यावर गावातून पहिला प्रश्न आला: आता बी तुमच्याकडून विकत घ्यावे लागणार का? नाही. कलम ३९ प्रमाणे शेतकरी आपल्या पिकाचे बी ठेवू शकतो, पेरू शकतो, देवाणघेवाण करू शकतो, विकूही शकतो. फक्त नाव छापलेल्या पाकिटात, ब्रँड म्हणून ते विकता येत नाही. ज्यांनी विचारले, त्यांना त्याच दिवशी पुडी दिली. नोंदणी सुरुवातीला सहा वर्षांची असते आणि नूतनीकरण करून एकूण पंधरा वर्षांपर्यंत जाते, म्हणून २०३१ ची तारीख मी सातबाराच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे.

यंदा गादीवाफ्यावर दोन वाफे वेगळे टाकले. एकात प्रमाणपत्रातले बी आहे. दुसऱ्यात सासूबाईंनी ठेवलेल्या गोल वांग्याचे आणि काकांकडच्या गोल वांग्याचे, अर्धे अर्धे. लावणी विहिरीच्या पलीकडे करणार आहोत, कळ्या झाकण्यासाठी पिशव्या धुऊन ठेवल्या आहेत, आणि वहीची शेवटची चाळीस पाने अजून कोरी आहेत.